वैऱ्यासाठी मागणं

हे प्रभू, गालीलातल्या डोंगरावर बसून तू वैऱ्यांवर प्रीती करायला सांगितलंस, तेव्हा ऐकणाऱ्यांचे वैरी अगदी डोळ्यांसमोरचे होते. रोमी शिपाई वाटेवर कुणालाही अडवायचा आणि आपलं ओझं त्याच्या पाठीवर देऊन मैलभर चालवायचा. जकातदार त्यांच्यातलाच असून परक्या सरकारसाठी त्यांना नागवायचा. अशा शिपायासोबत तू आणखी एक मैल चालायला सांगितलंस. आम्ही ते वचन रविवारच्या शाळेत पाठ केलं, बक्षीसही घेतलं. मोठेपणी मात्र वैरी म्हणजे कुणीतरी दूरदेशीचा माणूस असं धरून बसलो. दूरच्या वैऱ्यावर प्रीती करायला काय लागतं? त्याच्याशी आपला बांध लागून नसतो.

माझा वैरी माझा सख्खा भाऊ आहे. वडील गेल्यावर दादाने एका कागदावर माझी सही घेतली. ते हक्कसोडपत्र होतं, हे सातबाऱ्याचा उतारा हातात पडला तेव्हा कळलं. प्रभुभोजनाला आजही आम्ही एकाच वेदीपुढे गुडघे टेकतो. तुला हे सगळं ठाऊक आहेच; तरी मला ते माझ्या तोंडाने सांगायचं आहे, कारण 'जाऊ दे, काही झालं नाही' असं तुझ्यापुढे म्हणवत नाही. काही झालंच नसेल तर क्षमा कशाची करायची? बाबेलच्या नदीकाठी रडणाऱ्या तुझ्या लोकांनी वैऱ्याच्या तान्ह्या लेकरांबद्दल जे मागितलं, ते स्तोत्र वाचताना अंगावर काटा येतो. पण त्यांनी तो संताप तुझ्या पायाशी आणून टाकला, म्हणून मला तो गाळावासा वाटत नाही. माझाही तिथेच राहू दे. मला तो घरी परत नेऊ देऊ नकोस.

प्रभू, तुझ्या नियमशास्त्रात एक आज्ञा आहे, तिचा मला फार आधार वाटतो. वैऱ्याचं गाढव ओझ्याखाली बसलेलं दिसलं तर पुढे निघून जायचं नाही, त्याच्याबरोबर हात लावून ते उठवायचं. त्या वेळी मनात काय चाललंय, याची चौकशी तिथे नाही. एका बाजूने त्याने धरायचं, दुसऱ्या बाजूने मी. प्रीती वाटेपर्यंत थांबायला तू सांगितलंच नाहीस. मग मलाही असंच एखादं काम दे. दादाच्या विहिरीवरची मोटर जळाली आणि कांदा पाण्याला आला, तर माझ्या बोअरचं पाणी त्याच्या वाफ्यात सोडायला मला लाव. त्या दिवशी कपाळाला आठ्या असल्या तर असू देत.

आणि त्या रात्रीचा तो कान. गेथशेमाने बागेत तुला धरायला मशाली आणि सोटे घेऊन माणसं आली, पेत्राने तलवार उपसली आणि महायाजकाचा चाकर मल्ख याचा उजवा कान उडवला. तुझ्या हाताला दोर पडायला किती वेळ उरला होता? तेवढ्यात तू त्या कानाला हात लावलास आणि तो बरा केलास. क्रूसावर जाण्याआधी शुभवर्तमानात सांगितलेलं तुझं बरं करण्याचं हे शेवटचं काम, आणि ते तुला धरायला आलेल्याच्या अंगावर झालं. मल्खाने आभार मानल्याचं कुठे लिहिलेलं नाही. त्याने दिवा खाली ठेवला आणि तो घरी गेला, असंही नाही. तुला बांधून नेलंच. प्रभू, माझ्या मायेने दादा बदलेल, ही अट मी मनात धरून बसले आहे. ती काढून घे.

राणी मारियाबद्दल तुझे आभार मानते. केरळातली ही सिस्टर देवास जिल्ह्यातल्या उदयनगरात भूमिहीन मजुरांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवत होती. 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरला निघालेल्या बसमध्ये, प्रवाशांदेखत, भाड्याने आणलेल्या माणसाने तिच्यावर पन्नासहून अधिक वार केले. ज्यांना तिचं काम खुपत होतं त्यांनी त्याला धाडलं होतं. 2002 साली तिची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, इंदूरच्या तुरुंगात गेली आणि त्या माणसाच्या मनगटावर तिने राखी बांधली. ज्या हाताने सुरा धरला तो हात तिने आपल्या हातात घेतला, धाग्याची गाठ मारली. मी राखी बांधणाऱ्या शेजारणी लहानपणापासून पाहिल्या आहेत. गाठ मारताना भावाच्या नाडीला बोट लागतंच. तिलाही लागलं असेल. पुढे त्याच्या सुटकेसाठी तिच्या घरच्यांनी शब्द टाकला, 2006 मध्ये तो सुटला, आणि 2017 साली इंदुरात राणी मारियाला धन्य घोषित केलं तेव्हा तो लोकांत हजर होता.

पण प्रभू, तिच्या धाग्याचा दोर करून कुणाच्या गळ्यात घालू देऊ नकोस. कोर्टाने त्या माणसाला जन्मठेप दिली होती, खुनाला खून म्हटलं होतं. आमच्याकडे मात्र नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला 'ख्रिस्ती आहेस ना, क्षमा कर' म्हणून त्याच घरात परत पाठवतात. दादाच्या बाबतीत मलाही तसंच परत पाठवलं. पौलाने करिंथच्या मंडळीला कोर्टकचेऱ्यांवरून खडसावलं होतं, म्हणून मी आधी मंडळीच्या पंचांकडे गेले; त्यांनी वचन वाचून दाखवलं आणि चहा दिला. माझा दावा दिवाणी कोर्टात आहे आणि तो मी मागे घेणार नाही. चोरलेलं परत करावं लागणं यात दादाचंही भलं आहे, असं मी मानते. मात्र तारखेच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात तो त्या लाकडी बाकावर एकटा बसतो, तेव्हा त्याच्या शेजारी बसायचं बळ मला दे. त्याला साखरेचा त्रास आहे. डब्यातली भाकरी त्याच्यापुढे धरायला लावशील?

आम्हीही कुणाचे वैरी होतो, हे आम्हाला विसरू देऊ नकोस. गोव्यात तुझं नाव घेणाऱ्या सत्तेने देवळं पाडली. 1560 साली भक्तांनी मंगेशाचं लिंग कुठ्ठाळीहून जुवारीपलीकडे प्रियोळला नेलं, आणि त्याच वर्षी तिथे इन्क्विझिशनचं न्यायासन बसलं. ते कायमचं उठायला 1812 साल उजाडलं. ज्यांच्या पूर्वजांनी घरदार सोडून नदी ओलांडली, त्यांच्याशी बोलताना आमची मान खाली असू दे. आज आमच्या प्रार्थनाघरावर कुणी दगड मारला, तर त्याला उत्तर देण्याआधी आम्हाला हे आठवू दे. त्या दगड मारणाऱ्या पोरालाही सांभाळ. त्याच्या घरी आई वाट पाहत असेल.

आता दादासाठी मागते. दादाचा पाय बरा होऊ दे, जखम चिघळू देऊ नकोस. त्याच्या कांद्याला यंदा भाव मिळू दे. पोरीचं लग्न जमवताना माझ्यावरून त्याला कुणी टोचून बोलू नये. त्याला रात्री झोप येत नाही असं वहिनी सांगते. त्याला झोप दे, आणि जे खुपत असेल ते बोलायला तोंड दे. तोही अंथरुणावर बसून माझ्याविरुद्ध तुझ्याकडे गाऱ्हाणं करत असेल. त्याचंही ऐकून घे, आणि त्यात जेवढं खरं असेल तेवढं मला स्पष्ट सांग. येशूच्या नावाने मागते. आमेन.