सोसणे आणि सोसायला लावणे

कुहीकडे आवत्या धान पेरले आणि पावसाने दडी मारली, तर कोवळ्या रोपाने कशाच्या बळावर तगावे? शेतकीशास्त्र एक साधी युक्ती सांगते. बी काही तास पाण्यात भिजवावे, सावलीत पुन्हा सुकवावे, मग पेरावे. आतल्या आत उगवणीची तयारी झालेली असते. बी लवकर उगवते, ताण जरा धीराने सोसते. पण मोड बाहेर आल्यावर सुकविले, की ते मेलेच! कोकणात पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने खारी जमीन सोसणारे 'पनवेल १' सारखे भाताचे वाण काढले. त्यांनाही मीठ एका हद्दीपर्यंतच सोसते.

आम्ही वारकरी ऊनपाऊस सोसून पंढरीची वाट चालतो. पण ती वाट आम्ही आपखुशीने धरलेली. शेजाऱ्याची बांधी वाळली असता 'बाबा रे, देवाची इच्छा, सोस' असे त्याला सांगणे ही भक्ती नव्हे, अंग काढून घेणे आहे. ज्याला सोसायचे त्याला आधी बळ द्यावे. हद्द आली की धावून जावे. बियाची हद्द ओळखणारे आम्ही माणसाची ओळखणार नसू, तर गळ्यातली माळ कशासाठी?

रामकृष्ण हरि!