आदिकथा आणि भविष्यवाणी

बायबलच्या पहिल्या पुस्तकाला मराठीत ‘उत्पत्ती’ म्हणतात आणि कन्नडात ‘आदिकांड’. दोन्ही भाषा कानांवरून जाणाऱ्या आपल्यासारख्या सीमाभागातील वाचकाला या दोन नावांतला फरक चटकन जाणवावा. ‘उत्पत्ती’ म्हटले की जग कसे निपजले याचा हिशेब डोळ्यांपुढे येतो. ‘आदिकांड’ म्हटले की रामायणासारखी एखादी मोठी कथा आता सुरू होत आहे आणि पुढची कांडे अजून यायची आहेत, अशी चाहूल लागते. देवाच्या वतीने बोलणाऱ्या पुरुषाला मराठी बायबलात कधी ‘भविष्यवादी’ तर कधी ‘संदेष्टा’ म्हटलेले आढळते. कन्नडात तो ‘प्रवादी’. (मराठीत प्रवाद म्हणजे अफवा, त्यामुळे आपल्याला हसू येते. आमच्या शाळेतील कन्नडच्या सरांना ते हसू मुळीच आवडत नाही.)

मी ख्रिस्ती नाही. मराठी घेऊन एम.ए. करताना फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ हाती आले आणि त्यासोबत एक प्रश्नही मागे लागला. धर्मग्रंथाच्या पहिल्या पानांवरील कथा माणूस जशा वाचतो, तसाच तो पुढच्या काळाकडे पाहतो की काय?

स्टीफन्स हा इंग्रज जेजुइट 1579 साली गोव्यात आला आणि 1619 साली तिथेच वारला. आपल्या बेळगावातून चोर्ला घाट उतरून पलीकडे गेले की साष्टीतले रायतूर लागते. तिथे 1616 साली हे पुराण रोमन लिपीत छापले गेले. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात 36 अवस्वरू, दुसऱ्यात 59. पहिल्यात सृष्टीची निर्मिती, आदाम-एवा, काईन, नोहा, बाबेल, अब्राहाम असा जुन्या कराराचा विस्तार आहे; ख्रिस्तचरित्र दुसऱ्यात. पण ग्रंथाचे मूळ पोर्तुगीज नाव पाहा: येशू ख्रिस्ताच्या जगातील आगमनाविषयीचे विवेचन, दोन भागांत. म्हणजे सृष्टीच्या आरंभाची कथासुद्धा आगमनाचीच कथा! आदामाचे पाप झाले, त्याच वेळी स्त्रीची संतती सर्पाचे डोके ठेचील असे देव बोलला, आणि तिथपासून पुढचा प्रत्येक संदेष्टा त्या एका वचनाची आठवण देत उभा आहे, असा हा दृष्टिकोन.

पुराण ऐकून वाढलेल्या माणसाला ही रचना परकी नव्हे. जय-विजयांना मिळालेला शाप ठाऊक नसेल तर हिरण्यकशिपू, रावण आणि शिशुपाल यांच्या वधांना एकमेकांशी जोडणारा धागाच सापडत नाही. आधी शाप, मग उःशाप, मग अवतार. स्टीफन्सने ओवी उचलली, स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ शब्द उचलला. माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ही अपेक्षेची घडण त्याने ओळखली. ख्रिस्ती श्रद्धेत पहिल्या पानाशिवाय शेवटचे पान लागत नाही. आदाम पडला नसेल तर ख्रिस्ताने सोडवायचे कोणाला?

मात्र याच कथा ज्यू लोक हजारो वर्षे वाचत आले आहेत आणि त्यांना त्यात जन्मजात पापही दिसत नाही, सर्पाच्या डोक्यावर पाय ठेवणारा ख्रिस्तही दिसत नाही. पान तेच, अपेक्षा वेगळी. भविष्यवाणी ग्रंथात असते तितकीच वाचणाऱ्याच्या डोळ्यांत असते, असे म्हणावे लागते.

गोव्याच्या त्या पुराणाला एक काळी किनारही आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील देवळे पाडली आणि लोकांच्या जुन्या पोथ्या त्यांच्या हातांतून काढून घेतल्या. क्रिस्तपुराणातच एक ब्राह्मण पाद्रीगुरूला विनवतो की जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आमच्या भाषेत नवे पुराण द्या. भाबड्या भक्तीने हा प्रसंग वाचता येतो. मला तो वाचवत नाही. ज्याची आदिकथा काढून घेतली त्याला तिच्या जागी दुसरी द्यावी लागते, कारण कथेवाचून माणसाला पुढचा दिवस दिसत नाही. हे त्या ब्राह्मणाला कळले होते आणि स्टीफन्सलाही कळले होते. स्टीफन्सने मराठीवर जिवापाड प्रेम केले यात शंका नाही. पण त्या प्रेमाला जागा मोकळी करून दिली ती सत्तेने, हेही विसरू नये.

आदिकथा चुकीच्या हातांत पडली की तिचे काय होते, याचा दाखला त्याच ग्रंथातल्या नोहाच्या कथेत आहे. नोहा मद्य पिऊन पडला, धाकट्या पिढीने त्याला उघडा पाहिला, आणि शुद्धीवर आल्यावर त्याने आपल्या नातवाला, हामाच्या मुलाला, भावांचा दास होण्याचा शाप दिला. दारूच्या गुंगीतून उठलेल्या एका म्हाताऱ्याचा हा संताप! अमेरिकेतल्या गुलामांच्या मालकांनी त्याला भविष्यवाणी ठरवले आणि आफ्रिकन माणसाचे दास्य आरंभीच लिहून ठेवले आहे असे सांगितले. महात्मा फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामी मोडणाऱ्या लोकांना, आणि ग्रंथाच्या आरंभीच हात घातला तो ब्रह्मदेवाच्या मुखापासून आणि पायांपासून माणसे जन्मल्याच्या कथेला. हा योगायोग मी मानत नाही. कोण कुठून जन्मला हे एकदा ठरले की कोण कुठवर जाणार हेही ठरते. आपल्या निपाणीत 1925 साली बहिष्कृतांची प्रांतिक परिषद भरली आणि बाबासाहेब तिला आले. तिथे जमलेल्या प्रत्येकाच्या जन्माची कथा दुसऱ्याच कोणी तरी लिहून ठेवलेली होती.

मग भविष्यवाणी म्हणजे ललाटीचा लेख समजायचा काय? बायबलचे आरंभीचे अध्यायच याला आडवे येतात. काईनाने भावाचा खून करण्याआधी देव त्याला सावध करतो: पाप दाराशी दबा धरून आहे, त्याच्यावर ताबा मिळव. खून होणारच असता तर हे बोलण्याचे प्रयोजन काय? योनाची कथा याहून मौजेची. चाळीस दिवसांत निनवे नगर नष्ट होईल असे तो सांगतो, राजापासून रंकापर्यंत सारे पश्चात्ताप करतात, नगर वाचते. आणि योना रागावतो! भाकीत चुकले म्हणून एखादा ज्योतिषी रुसावा, तसा तो नगराबाहेर जाऊन बसतो. त्याचे बोलणे खरे ठरले नाही, हेच त्या बोलण्याचे यश, हे त्याला पचत नाही. ‘भविष्यवादी’ या शब्दापेक्षा ‘संदेष्टा’ मला बरा वाटतो तो याचसाठी.

शिक्षकी पेशात हा प्रश्न पोथीतला राहत नाही. शिक्षकांच्या खोलीत दर वर्षी भाकिते होतात. एसएसएलसीच्या पूर्वपरीक्षेचे पेपर समोर असतात आणि कोणी तरी म्हणतो, “तंबाखूच्या वखारीत जाणाऱ्या बाईची पोर ती, आणखी काय होणार?” हे वाक्य मी तीस वर्षे ऐकत आलो आहे, मराठीत आणि कन्नडात, दोन्हीत सारख्याच सहजतेने. “या महिन्यात गणित केले नाहीस तर नापास होशील” हेही भाकीतच. पण ते खोटे ठरावे म्हणून केलेले असते, आणि मुलीला ते तोंडावर सांगितलेले असते. पहिले तिच्या पाठीमागे बोलले जाते.

बाबेलच्या मनोऱ्याविषयी थोडे सांगायचे राहिले. माणसांची एक भाषा होती, देवाने तिचा घोळ करून माणसांना विखुरले, अशी ती कथा. ही शिक्षा मानली तर आपला सारा जिल्हा शिक्षा भोगतो आहे म्हणायचे! अनेक ख्रिस्ती वाचक तिच्यासमोर नव्या करारातील पेन्टेकॉस्टचा दिवस ठेवतात. त्या दिवशी यरुशलेमेत जमलेल्या परदेशी लोकांना शिष्यांचे बोलणे ज्याच्या त्याच्या भाषेत ऐकू आले. भाषा पुन्हा एक झाली नाही. अनेक भाषा राहिल्या आणि तरी समजले. आपल्याकडे मात्र दोन्ही बाजूंचे अभिमानी जुने शिलालेख काढून इथे आधी कोण होते ते सिद्ध करत बसतात, जणू त्यावरून पुढे कोणी राहावे ते आपोआप ठरणार आहे. सीमाप्रश्नावरचा आपला हक्क मी सोडा म्हणत नाही. आज इथे राहणाऱ्या माणसांच्या भाषेवर तो पुरेसा उभा राहतो, त्याला शिलालेखाचा टेकू कशाला?

शांताराम बंडेलू यांनी क्रिस्तपुराण देवनागरीत छापून आणले ते 1956 साली. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला बेळगाव आणि निपाणी म्हैसूर राज्यात गेली.