होडी परत करताना

2018 च्या उन्हाळ्यात मी कॅनडाला बहिणीकडे गेलो होतो. भाच्याने हट्ट धरला, "मामा, शहर पाहून झालं. आता तीन दिवस कनूतून फिरू या." त्याने मला ओंटारिओ प्रांतातील अल्गोंक्विन उद्यानात नेले. 1893 साली राखून ठेवलेल्या या अरण्यात तळ्यामागून तळी आहेत. एक तळे संपले की होडी पाण्याबाहेर काढायची, उलटी करून खांद्यावर घ्यायची आणि पायवाटेने पुढच्या तळ्यापर्यंत चालायचे. या वाटेला तिकडे पोर्टेज म्हणतात. किती मीटर चालायचे ते पिवळ्या पाटीवर लिहिलेले असते. आपल्याकडे होडी माणसाला वाहते. तिथे माणसालाही होडी वाहावी लागते.

म्हणून तिथे जो तो वजनाचे बोलतो. दुसरे महायुद्ध संपताना विमाने बनवणाऱ्या ग्रुमन कंपनीने अॅल्युमिनियमच्या कनू काढल्या. खडकावर आपटल्या तरी फार तर पोचा येतो, पण सतरा फुटी होडीचे वजन 34 किलोच्या आसपास. आम्ही भाड्याने घेतलेली केव्हलरची होडी तेवढीच लांब, वजन जेमतेम 19 किलो. केव्हलरचा धागा 1965 साली स्टेफनी क्वोलेक या संशोधक बाईंनी शोधला. गोळी अडवणारी जाकिटे त्याचीच करतात. मी मनात म्हटले, जिथे गोळीचे काही चालत नाही तिथे माझ्या पायाचे काय चालणार?

दुसऱ्या दिवशी एका खडकाळ काठावर भाचा पिशव्या घेऊन पुढे गेला. जाताना बजावून गेला, "मामा, होडी काठावर चढवू नका. पाण्यातच उतरा, बूट भिजले तरी चालतील." मला बूट भिजवायचे नव्हते. मी वल्ह्याने होडी दगडावर रेटली आणि तिच्यातच उभा राहिलो. कट् असा आवाज झाला.

भोक पडले नव्हते. बाहेरून एक ओरखडा, तसे तिच्यावर आधीचेही वीस होते. आतून मात्र वीतभर लांब फिकट रेघ उमटली होती. भाच्याला मी काही बोललो नाही.

केव्हलर ओढले तर तुटत नाही, पण दाबाखाली ते तितके बळकट नसते, हे मला नंतर कळले. पाणी होडीला सगळीकडून सारखेच उचलून धरते. दगड एकाच ठिकाणी टेकतो, आणि वरून माणसाचे वजन आले की बूड वाकते. म्हणजे ती हलकी होडी कच्ची नव्हती. ती पाण्यासाठी केलेली होती आणि मी तिला दगडावर उभे केले होते.

त्या रात्री तंबूत मला संत जाँ दे ब्रेबफ आठवले. हे फ्रेंच येशूसंघीय धर्मगुरू 1634 साली ह्यूरॉन लोकांबरोबर भूर्जाच्या सालीच्या कनूतून त्यांच्या मुलखात गेले. तीस दिवसांचा प्रवास, पस्तीस ठिकाणी होडी खांद्यावर. पुढे 1637 मध्ये त्यांनी मागून येणाऱ्या धर्मगुरूंसाठी सूचना लिहिल्या. त्यांत मोठी धर्मचर्चा कमी आणि साध्या गोष्टी जास्त: होडीत चढताना झगा वर खोचा, पाय अनवाणी ठेवा, वाळू-पाणी आत आणू नका. पोर्टेजवर आपल्या शक्तीप्रमाणे काहीतरी उचला, एखादे भांडे का असेना. त्या सालीच्या होड्या मुळांनी शिवलेल्या आणि डिंकाने सांधलेल्या असत. हाडापेराने दांडगा असा हा माणूस त्यांत अनवाणी बसे. मी मात्र बुटांसकट उभा राहिलो होतो.

आता प्रश्न होता सांगायचे की नाही. मन किती वकिली करते पाहा! होडी गळत नव्हती. रेघ जुनीही असू शकेल. भाड्याची वस्तू झिजायचीच, त्याचेच तर पैसे दिले. पापनिवेदनाला जाताना आपण माणसांशी कसे वागलो ते आठवतो. मागून घेतलेल्या वस्तूंशी कसे वागलो ते मला तरी फारसे आठवत नाही. पण ती होडी उद्या कोणीतरी विश्वासाने तळ्याच्या मध्यावर नेणार होता, आणि ती रेघ फक्त मला ठाऊक होती.

तिसऱ्या दिवशी होडी परत करताना मी दुकानदाराला रेघ दाखवली. भाचा माझ्याकडे पाहत राहिला. दुकानदाराने रेघेवरून अंगठा फिरवला, दाबून पाहिले, मान हलवली आणि होडी बाजूला उलटी ठेवली. दुरुस्तीचे पैसे सांगितले, मी ते दिले. मला वाटले, झाले, फिटले.

तेवढ्यात मागे उभे असलेले एक जोडपे पुढे आले. बरोबर दोन लहान मुले. आमचीच होडी त्यांच्या नावावर लावलेली होती, आणि दुसरी केव्हलरची शिल्लक नव्हती. दुकानदाराने माफी मागून त्यांना अॅल्युमिनियमची दिली. त्या बाईने आडव्या दांड्याखाली मान घातली, नवऱ्याने मागून टेकू दिला, आणि ती होडी डोक्यावर घेऊन ती धक्क्याकडे निघाली. मी धावत जाऊन त्यांची एक पिशवी उचलली. धक्का वीस पावलांवर होता. पुढची पोर्टेजेस त्यांची त्यांनाच चालायची होती.