बांधायला काही तरी

पाळीव पक्ष्यांच्या दुकानात फिंचसाठी तयार घरटे मिळते. काथ्याची विणलेली गोल टोपली, नाहीतर बाजूला भोक ठेवलेली मातीची मटकी. ती तारेने जाळीला बांधली की आपल्या लेखी काम संपले. आपल्याला रेडी पझेशनची सवय झालेली असते. झेब्रा फिंचच्या नराचे काम मात्र तिथून सुरू होते. तो मटकीत डोकावतो, बाहेर येतो आणि पिंजऱ्यात लांबट, बारीक जे दिसेल ते ओढत सुटतो. तळाला अंथरलेल्या वर्तमानपत्राची कड, राळ्याच्या खाऊन संपलेल्या कणसाचा दांडा, मादीचे गळलेले पीस. आत छप्पर आहे, भिंत आहे, ऊबही आहे. तरी त्याला बांधायचे असते.

म्हणून गवत आणायचे. ते कुठून आणायचे, हा प्रश्न शहरात वाटतो तितका सोपा नाही. रस्त्याच्या कडेचे गवत धुळीने आणि धुराने माखलेले असते. सोसायटीच्या बागेतल्या गवतावर गेल्या आठवड्यात काय फवारले, हे माळीदादांनाच विचारावे लागते. भाताचा पेंढा सहज मिळतो, पण तो जाड, आणि शेतात त्यावर औषध मारलेले असण्याची शक्यता असते. उरतात माळ. सासवडच्या वाटेवर पावसाळा सरताना गेलात तर मारवेल, पवना, डोंगरी, कुंदा, हरळी अशी गवते शेजारी शेजारी उभी दिसतात. गुरे राखणाऱ्याला ती नावानिशी ठाऊक असतात. कोणते गाय आवडीने खाते, कोणते नुसते हुंगून सोडते, हे तो चालता चालता सांगतो. आपण आजवर त्या सगळ्याला मिळून एकच शब्द वापरत आलेलो असतो.

त्यातले सगळेच उपयोगाचे नसते. कुसळीला दुरूनच नमस्कार. तिच्या बियांना लांब पिळदार कुसळ असते. हवेतला ओलावा कमीजास्त झाला की ते कुसळ गरगरते आणि बीचे टोकदार तोंड जमिनीत स्क्रूसारखे शिरते. मेंढीच्या लोकरीतून ते थेट कातडीत घुसते. दहाबारा ग्रॅम वजनाच्या पक्ष्याजवळ त्याला नेण्यात शहाणपण नाही. हरळीची बारीक, लांब धावती खोडे चांगली. मारवेलच्या काड्या चांगल्या. तुरे कोवळे असताना कापले तर फिंच आधी दाणे खाते आणि मग उरलेली काडी घरट्याला नेते. गवत सावलीत वाळवायचे. अर्धवट ओला भारा कोपऱ्यात ठेवला तर त्यावर बुरशी धरते, आणि ती बुरशी पक्ष्यांच्या फुप्फुसाला बाधते.

गवतच का, दोरा किंवा कापूस का नाही, असे पुष्कळ जण विचारतात. काथ्या, सुतळी, कापसाचे पुंजके दुकानात स्वस्त मिळतात. पण दोरा पक्ष्याच्या पायाला वेढा घालतो, पक्षी उडू पाहतो तसा तो आवळत जातो, आणि अंगठी घट्ट बसावी तसे बोट सुजून काळे पडते. काथ्या वापरायचाच असेल तर आखूड कापूनच द्यावा. गवताची काडी ताण पडला की तुटते. बांधकामाच्या मालात हा गुण कोणी मागणार नाही. इथे मात्र गवताच्या कमकुवतपणावरच पिलाचा पाय वाचतो.

झेब्रा फिंच मूळची ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातली. तिथे पाऊस बेभरवशाचा. तो पडला, गवताला दाणा धरला, की या पक्ष्यांचा विणीचा काळ सुरू होतो. काटेरी झुडपात गवताचे गोल घरटे उभे राहते, आत पिसांचे अस्तर. ऑस्ट्रेलियाने आपल्या पक्ष्यांची निर्यात १९६०च्या सुमारास बंद केली, म्हणजे आपल्याकडच्या झेब्रा फिंच पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेल्या. त्यांच्या आजोबा-पणजोबांनीही तो प्रदेश पाहिलेला नाही. तरी हिरवे गवत आत आले की नराच्या गाण्याला जोर चढतो.

हे सगळे निव्वळ यांत्रिक असते, पक्षी समोर येईल ती काडी उचलतो, असे मलाही वाटू शकले असते. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या संशोधकांनी याच पक्ष्यावर केलेले प्रयोग वेगळे सांगतात. त्यांनी नरांना कडक आणि लवचीक अशा दोन प्रकारच्या दोऱ्यांचे तुकडे दिले. घरटे बांधून पाहिल्यावर नरांचा कल कडक तुकड्यांकडे वळला. कडक तुकडे असले की घरटे कमी तुकड्यांत उभे राहते. दुसऱ्या प्रयोगात पिंजऱ्याच्या भिंतीला रंगीत कागद लावला, तेव्हा बहुतेक नरांनी भिंतीच्या रंगाशी मिळत्या पट्ट्या घरट्यासाठी निवडल्या. दोन्ही प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रयोगशाळेत कोणी शत्रू नव्हता, तरी घरटे लपवायचे होते. एकाच जातीच्या, एकाच मापाच्या काड्या पिंजऱ्यात टाकणारा माणूस पक्ष्याला साहित्य देतो, पण निवडीचे काम त्याच्याकडून काढून घेतो. मी म्हणूनच भारा मुद्दाम मिसळ ठेवतो: काही ताठ, काही मऊ, काही हिरव्या, काही पिवळ्या पडलेल्या.

आपल्याकडे हे पाहायला प्रयोगशाळेची गरज नाही. सलीम अलींनी अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींच्या वसाहतीवर नजर ठेवली आणि १९३१ मध्ये त्यावर निबंध लिहिला. नर घरटे अर्धे विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडले तरच पुढचे काम होते, हे त्यांनी बारकाईने नोंदवले. मुनियाही पावसाळ्यात बाभळीवर गवताचा गोळा रचते. तुऱ्यासकट लांब पाते चोचीत धरून ती उडते तेव्हा शेपटी दोन झाल्यासारखी दिसते. तिला पाळायला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, आणि बाजारात रंग फासून विकल्या जाणाऱ्या मुनिया कोणीही घेऊ नयेत. पण ती कोणते पाते नेते हे बघायला कायदा आड येत नाही. गवत निवडताना तिच्याइतका भरवशाचा सल्लागार मला दुसरा दिसत नाही.

एक गोष्ट मात्र पिंजऱ्यातच घडते. अंडी घातल्यावरही गवत हाताशी राहिले तर झेब्रा फिंचची जोडी बांधतच राहते. अंड्यांवर गवताचा नवा थर चढतो, त्यावर पुन्हा अंडी, त्यावर पुन्हा थर; खालची अंडी थंड पडून वाया जातात. माळावर प्रत्येक काडीसाठी उडून जावे लागते, वाटेत ससाणाही असतो, आणि बहुधा तो हेलपाटाच तिथे नराला आवर घालत असावा, असे मला वाटते. पिंजऱ्यात तो हेलपाटा आपणच पुसून टाकलेला असतो, म्हणून आवरही आपल्यालाच घालावा लागतो. तिसरे-चौथे अंडे दिसले की उरलेले गवत काढून घ्यायचे. त्याआधीही काड्यांचा ढीग मटकीजवळ न ठेवता लांबच्या कोपऱ्यात, जाळीच्या बाहेरून जुडी बांधून द्यायची, म्हणजे नराला एकेक काडी ओढून काढावी लागते आणि मटकीपर्यंत पल्ला मारावा लागतो. असे केले की तो दमतो आणि निवडतोही जास्त. एखादी काडी अर्धी ओढून सोडून देतो, शेजारची धरतो. पुढचा भारा दिवाळीनंतर आणायचा. तोवर पवना कापणीला आलेला असतो.