द्राक्षाला सीवीड, यकृताला काय?

वणीला समुद्र नाही, पण सीवीड आहे. सप्तशृंगगडाच्या पायथ्याच्या या गावात कृषी सेवा केंद्रात जाऊन सीवीड मागितलं, तर कुणी चमकून पाहत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षवेलीला थंडीचा, अवकाळीचा ताण सोसता यावा म्हणून बागायतदार समुद्रशैवालाचा अर्क फवारतात. कप्पाफायकस या शैवालाचा रस काढून पिकांसाठी वापरण्याचं तंत्र भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने विकसित केलं. २०२१ मध्ये असे अर्क जैव उत्तेजक म्हणून खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आले.

आता शैवालाबद्दल दुसरा दावा पुढे येतो आहे: दारूने बिघडणारं यकृत ते वाचवतं.

दावा अगदीच हवेतला नाही. तपकिरी शैवालांत फ्युकॉयडन नावाची गंधकयुक्त शर्करा असते. स्वीडनचे हाराल्ड क्युलिन यांनी ती १९१३ मध्ये वेगळी केली. दारू यकृतात पोचली की तिचं ॲसिटाल्डिहाइड हे विषारी रसायन बनतं, पेशींवर ऑक्सिडीकरणाचा मारा होतो आणि चरबी साचते. शिवाय दारूमुळे आतड्याचं अस्तर सैल पडतं, जिवाणूंची विषं रक्तातून थेट यकृतात जातात आणि दाह भडकतो. दारू पाजलेल्या उंदरांना फ्युकॉयडन दिल्यावर चरबी आणि दाह कमी झाल्याचं अनेक प्रयोगांत दिसलं आहे. हा मोठा रेणू पचत नाही, रक्तातही फारसा उतरत नाही. त्यामुळे त्याचं बरंचसं काम आतड्यातच, तिथल्या जिवाणूंमार्फत होत असावं.

पण उंदराला दारू मोजून मिळते. शैवाल पोटात आहे म्हणून तो आणखी एक पेग भरत नाही. माणूस भरतो. 'लिव्हरचं टॉनिक चालू आहे' हे वाक्य ज्यांनी बैठकीत ऐकलंय, त्यांना या संशोधनाचा खरा धोका वेगळा सांगायला नको. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने शैवालापासून यकृतासाठी पूरक उत्पादन तयार केलं आहे, तेही दारूशी संबंध नसलेल्या फॅटी लिव्हरसाठी. बाटलीवरचं 'यकृत' तेवढं वाचलं जाईल, पुढचं नाही. त्यात तपकिरी शैवालात आयोडीन भरपूर. थायरॉइडच्या रुग्णाने ते स्वतःच्या मनाने घेणं बरं नव्हे.

वणी ज्यात येतं, त्या दिंडोरी तालुक्यात हा विषय आणखी अवघड होतो. इथली वाइनची द्राक्षं रोजगार देतात. शांदोंसारख्या परदेशी नावाची वाइनरीही इथलीच. याच तालुक्यात मोठी आदिवासी वस्ती आहे आणि आदिवासी पाड्यांवर मोहाची दारूही जुनी. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला मान्यता दिली, तेव्हा शेतकऱ्याचं उत्पन्न हाच युक्तिवाद होता. तो खोटा नव्हता, अपुरा होता. यकृताला वाइन आणि मोहाची यांतला फरक कळत नाही, इथेनॉल तेच. दुसऱ्या बाजूला महाराष्ट्रातल्या बायकांनी दारूबंदीच्या मतदानातून गावोगाव बाटली आडवी केली आहे. यकृताच्या रक्षणाचा तो उपाय प्रयोगशाळेत सापडलेला नाही, म्हणून त्याची गणना औषधांत होत नाही एवढंच.

तरीही शैवालाचं संशोधन निकालात काढणं चूक ठरेल. दारू थांबवली की साधी चरबी काही आठवड्यांत ओसरू लागते. यकृताइतकी भरून येण्याची ताकद थोड्याच अवयवांत असते. अडचण या टप्प्याच्या पुढे गेलेल्या रुग्णांची आहे. तीव्र दाह झालेल्यांना आजही मुख्यतः प्रेडनिसोलोन हे जुनं स्टेरॉइड दिलं जातं, आणि ते सगळ्यांना लागू पडत नाही. सिरॉसिस झालेल्याने दारू सोडली तरी आधीचे व्रण पूर्ण पुसले जातीलच असं नाही. फ्युकॉयडनची माणसांवरची काटेकोर चाचणी व्हायची असेल, तर ती आधी या लोकांसाठी व्हावी: ज्यांनी बाटली ठेवून दिली आहे, पण ज्यांचं यकृत अजून सावरलेलं नाही.