सही झाली का?

फेलोशिप पाच महिने आली नाही तर तिला काय म्हणायचं? विद्यापीठाच्या टेबलावर तिला 'प्रलंबित' म्हणतात. माझी आय म्हणते, 'बुडाली.' खरा शब्द कुणाचा, एवढाच माझा प्रश्न आहे.

मी समाजशास्त्रात संशोधन करतो. विषय ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्याच बायांचा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या बीडकडनं पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर निघतात. त्यांच्याबरोबर निघालो, फडात-कोपीत राहिलो तरच काही कळणार. ऊस आमच्या बिलासाठी थांबत नाही. हंगाम हुकला की वर्ष हुकलं. आणि गंमत बघा, मुकादम तोडीआधीच उचल देतो. ती उचल गळ्यातला फास असते हे मला शिकवू नका, माझा बाप त्यातच पिचला. पण त्या मुकादमाला एवढं तरी कळतं की रिकाम्या हातानं माणूस घर सोडून निघू शकत नाही. विद्यापीठ म्हणतं, आधी काम, मग अहवाल, अहवालावर मार्गदर्शकांची सही, त्यावर विभागप्रमुखांची सही, मग बघू.

साहेब म्हणाले, "उशीर सगळ्यांनाच होतो. त्यात जात कुठं आली?"

ह्या वाक्यावर मी लई दिवस विचार केला. नियम सारखा आहे, कबूल. पण थांबणं सारखं नाही. ज्याचं पुण्यात घर आहे, त्याला उशीर म्हणजे चिडचीड. ज्याच्याच पैशाची घरी वाट बघतात, त्याला उशीर म्हणजे खानावळ बंद. समोरचा थांबू शकत नाही हे ठाऊक असून जो त्याला थांबवतो, तो तटस्थ कसा? तो निवड करतो. कोण शिकणार याची, आणि काय लिहिलं जाणार याचीसुद्धा. मला सल्ला मिळाला, "विषय बदला. लायब्ररीत बसून होईल असं काहीतरी घ्या." म्हणजे फड सुटला, लायब्ररी उरली. अन् लायब्ररीत आमच्याबद्दल जे आहे, ते बहुतेक लिहिलंय कुणी?

2023 च्या जानेवारीपासून कनिष्ठ फेलोशिप महिना 37,000 रुपये झाली. आकडा चांगला आहे. म्हणून लोक म्हणतात, एवढं घेता वर रडता? जणू खिरापत वाटतायत.

बाबासाहेब 1913 साली कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड. मुदत संपली तसा 1917 ला लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. करार होता, बडोद्यात नोकरी. तिथं राहायला जागा मिळेना. पुन्हा लंडन गाठायला 1920 उजाडलं, अन् रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला पदवी मिळाली 1923 ला. आपण हे जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतो. सांगावीच. मला मात्र त्यात मधली तीन वर्षं दिसतात. ती कुणी घेतली?

आणि 2016 च्या जानेवारीत हैदराबादला रोहित वेमुलानं शेवटच्या चिठ्ठीत सात महिन्यांच्या थकलेल्या फेलोशिपचा हिशोब लिहून ठेवला. पावणेदोन लाख. त्याच्या टेबलावरही तो कागद 'प्रलंबित'च असणार.

मीही धुतल्या तांदळासारखा नाही. उधारी करून शेवटी फडावर गेलो. दिवसभर मोळ्या वाहून बाया रात्री भाकरी थापायच्या, अन् मी वही काढून बसायचो. एकीनं विचारलं, "भाऊ, ह्या लिवण्याचं तुला पैसं मिळत्यात का?"

"अजून नाही," मी म्हणालो. खोटं नव्हतं. पण मिळणार आहेत, हे बोललो नाही.

मार्चात थकबाकी एकदम खात्यावर आली. खानावळीचं भागवलं, उधारी फेडली. मग खर्चाचा फॉर्म भरायला बसलो. त्यात प्रवास, टायपिंग, झेरॉक्स, पुस्तकं असे रकाने. त्या बाईच्या झोपेतले दोन-दोन तास मी रोज वहीत घातले, ते कुठल्या रकान्यात लिहू? पुढच्या हंगामात तिच्या कोपीपुढं उभा राहीन तेव्हा काय सांगू? तुझा कागद सहीला गेलाय म्हणून?