स्वयंपाक करून गेले होते हो

'बाईपण भारी देवा' ३० जून २०२३ ला आला, तेव्हा मी पुण्यात होतो आणि आई रत्नागिरीत. तिच्या ग्रुपमधल्या आठ-नऊ जणी नऊवारी नेसून, गॉगल लावून सिनेमाला गेल्या. फोटो आला. मी त्यावर हार्ट टाकला आणि मीटिंगला बसलो. रात्री फोनवर विचारलं, कसा होता? "मस्त. हसलो, रडलो पण." आणि मग, मी काही न विचारता, "स्वयंपाक करून गेले होते हो सगळा."

हिशोब कोणी मागितला होता? मी तर नाही. पण तिला तो द्यावासा वाटला, आणि ऐकताना मला त्यात काही वावगंही वाटलं नाही. वाटलं ते बऱ्याच दिवसांनी.

केदार शिंदेंच्या या सिनेमात सहा सख्ख्या बहिणी आहेत, एकमेकींशी धड न बोलणाऱ्या. मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी त्या एकत्र येतात. रोहिणी हट्टंगडी आणि वंदना गुप्ते यांची जुगलबंदी बघताना मी खुर्चीत उड्या मारत होतो. (हो, नंतर मीही पाहिला, एकट्याने.) पण एक गोष्ट खटकत राहिली. स्पर्धाच नसती तर? नुसतंच 'आम्हाला फुगड्या घालाव्याशा वाटतात' असं म्हणून या बायका घराबाहेर पडू शकल्या असत्या का? स्पर्धा आहे म्हणून सराव आहे, सराव आहे म्हणून संध्याकाळी उंबरा ओलांडता येतो.

मूळ मंगळागौरीतही तेच आहे. लग्नानंतरची पहिली पाच वर्षं, श्रावणातल्या मंगळवारी, सौभाग्यासाठी करायचं व्रत. पूजा झाली की जागरण, आणि जागायचं म्हणून खेळ. म्हणजे कागदोपत्री काम नवऱ्याच्या आयुष्याचं, रात्र मात्र बायकांची. आमच्या भाषेत सांगायचं तर मंजूर झालेल्या फीचरच्या आडून कोणीतरी आपल्याला हवं ते गुपचूप शिप केलं. खेळही पाहा ना, तवा फुगडी काय, सूप नाचवणं काय. दिवसभर ज्यांच्यामागे राबायचं, त्याच वस्तू रात्री खेळात.

बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञाने १९७८ मध्ये 'द ग्रासहॉपर' हे पुस्तक लिहिलं. खेळणं म्हणजे गरज नसलेले अडथळे आपणहून ओढवून घेणं आणि ते पार करणं, असं तो म्हणतो. आणि सगळ्यांच्या सगळ्या गरजा भागल्या, तर माणसांना करण्यासारखं उरेल ते खेळणंच. त्याचा नायक मुंगीच्या गोष्टीतला टोळ आहे, साठवणूक न करणारा. आपण आयांना कायम मुंगीच्या रांगेत उभं केलं.

'आपण' म्हणजे मीसुद्धा. बाबा निवृत्त झाल्यावर मी आईच्या मागे लागलो, आता तू स्वतःसाठी काहीतरी कर. तुझ्या आंबावड्या ऑनलाइन विकू, वेबसाइट मी करतो. साखर, आटवलेला रस, डबे, कुरिअर, सगळ्याचं एक्सेल करून दाखवलं. तिने चष्मा लावून ते नीट वाचलं आणि म्हणाली, "तीस वर्षं वड्या थापल्याच रे. आता विकायला पण मीच थापू?"

मी मुलगा म्हणून बोलतोय असं मला वाटत होतं. खरं तर रिकामा रिसोर्स दिसला की मॅनेजर करतो तेच मी केलं होतं.

अर्थात उतारवयात नवं काही हाती घेणं वाईट नाही. मुरबाडजवळच्या फांगणे गावात २०१६ मध्ये योगेंद्र बांगर या शिक्षकांनी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठीच्या पुढच्या बायका गुलाबी नऊवारी नेसून, खांद्याला दप्तर अडकवून शाळेत जायला लागल्या. ज्यांनी जन्मभर अंगठा उठवला त्यांना सही करता येणं ही लहान गोष्ट नाही. आणि एखादीला खरंच वड्या विकून स्वतःचे पैसे हवे असतील, तर वेबसाइट मी आजही करून देईन. माझ्या आईला ते नको होतं आणि मी तिला विचारलंच नव्हतं. मी थेट सांगितलं होतं.

गेल्या डिसेंबरात घरी होतो. पाच वाजता ती चप्पल घालत होती. खाली रिक्षात तिघी बसलेल्या, भाट्याच्या किनाऱ्यावर निघालेल्या.

"काय करता तिथे?"

"बसतो."

"आणि?"

"आणि येतो परत."

मी पुढे काही विचारणार होतो. ती जिन्यातून म्हणाली, "कुकर लावशील ना? डाळ भिजवून ठेवलीये."

लावला. किती शिट्ट्या ते विचारायचं राहिलं होतं. फोन केला, तिने उचलला नाही.